प्रयोगवह्या रद्दीत घालू नका

मा. संचालक,
शासकीय वैद्यकीय संशोधन संस्था

महोदय,

संस्थेचे नाव इथे लिहीत नाही. आपल्या तळघरात काय पडले आहे ते आपल्याला ठाऊक आहे. आजवरच्या पत्रांना आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळाले नाही. आता जुन्या प्रयोगवह्या ‘जीर्ण कागद’ म्हणून निर्लेखनाच्या यादीत चढल्या आहेत, म्हणून हे जाहीर लिहितो आहे.

त्या वह्या मी पाहिल्या आहेत. गिनीपिगचा क्रमांक, लसीची मात्रा, रोजचे तापमान, शेवटच्या रकान्यात मृत्यूची वेळ आणि कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेली कोणाची तरी शंका. छापील अहवालात निष्कर्ष येतो, ही शंका येत नाही.

अशा नोंदींचे मोल काय, हे मुलकोवालला विचारा. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या या गावी 107 जणांना प्लेगची लस टोचली. एकाच बाटलीतली, 53 एन क्रमांकाची लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने मेले. बाटली मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेत भरलेली, म्हणून ठपका ही लस बनवणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. पुढे चौकशीतल्या साक्षी बाहेर आल्या. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. डॉक्टरने बाटली हुंगली तेव्हा वास नव्हता. जंतू परळलाच शिरले असते तर बाटली भरल्यापासूनच्या दिवसांत दुर्गंधी सुटली असती. याच साक्षींच्या बळावर 1907 साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आवाज उठवला आणि हाफकिन दोषमुक्त झाले. त्या जबान्या कोणी जीर्ण ठरवून जाळल्या असत्या तर?

आज हाफकिन यांच्या रोजनिश्या जेरुसलेममध्ये आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानातले प्लेगचे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून जगाला खुले केले. पुण्यात 1952 साली विषाणू संशोधन केंद्र रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभे राहिले. त्या फाउंडेशनने आपली कागदपत्रे न्यूयॉर्क राज्यात जपली आहेत. परदेशातल्या संस्था आपल्या साथींचे कागद सांभाळतात आणि आपण वाळवीला घालतो, याचा मला संताप येतो.

आपली संस्था केंद्राची आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 नुसार 25 वर्षांपेक्षा जुन्या कायम जतनाच्या अभिलेखांची जागा राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. नियम डावलून अभिलेख नष्ट करणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला अभिलेख अधिकारी कोण, त्याने या वह्या उघडून पाहिल्या का, जीर्ण कोणी ठरवल्या? जनतेला टोचायच्या लसींवर आपल्याच खात्याने केलेल्या प्रयोगांचा हा हिशेब आहे. तो पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यादी मागे घ्या. वह्या आधी कोरड्या खोलीत हलवा, सूची करायला अभिलेखागाराची माणसे बोलवा आणि रुग्णांची नावे असतील तर ती झाकून बाकीचे सर्व अभ्यासकांना खुले करा. या वेळी उत्तर लेखी हवे, आपल्या सहीचे.

आपला,
वैद्यकाच्या इतिहासाचा एक अभ्यासक