इंग्रजी कळतं का, ते घरीच तपासा

दहावीच्या इंग्रजीचे १०० मार्क दोन वाट्यांचे असतात. ८० लेखीचे, २० तोंडीचे. लेखीचा पेपर बोर्ड काढतं आणि तो तपासणारे शिक्षक बाहेरच्या शाळेतले असतात. तोंडीचे २० मात्र शाळेच्याच हातात. पोराला इंग्रजी ऐकून समजतं का आणि दोन वाक्यं बोलता येतात का, हे त्या २० मार्कांत पाहायचं असतं. अमरावती-अकोल्यापासून अचलपूर, अकोट, दर्यापूर, तेल्हारा, वरूड, मूर्तिजापूरपर्यंत ज्या ज्या घरात आठवी-नववी-दहावीचं लेकरू आहे, त्या घरातल्या आईबाबांना माझी विनंती आहे. तोंडीत मार्क किती पडले, एवढंच विचारून थांबू नका. तुला काय ऐकवलं आणि त्यातलं तुला काय समजलं, हे विचारा.

पुष्कळदा या प्रश्नाला उत्तरच मिळणार नाही, कारण ऐकवलेलंच काही नसतं. मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आहे आणि हा प्रकार जवळून पाहिला आहे. फेब्रुवारीतली दुपार, वर्गाबाहेर हजेरीच्या क्रमाने रांग. एकेक मूल आत जातं, 'माय नेम इज'पासून 'माय हॉबी इज'पर्यंत पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणतं आणि बाहेर येऊन पुढच्याला सांगतं, 'काही नाही विचारत बे.' ऐकण्याच्या परीक्षेसाठी एखादा उतारा वाचलाच, तर तो पुस्तकातला, वर्षभर घोटलेला, आणि प्रत्येक वाक्यामागे त्याचं मराठी. मग प्रश्न. मराठी ऐकून दिलेल्या उत्तराला इंग्रजी श्रवणाचे मार्क पडतात. तक्त्यात १८, १९, १८, १९ असे आकडे चढत जातात.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते करायचं नाही. एकेका वर्गात साठ-सत्तर पोरं, निकालाचा टक्का घसरला की वरून विचारणा, पुढच्या वर्षी तुकडी टिकेल की नाही ही धास्ती. हे सगळं खरं आहे. पण सढळ हाताने मार्क देण्याच्या या दयेची किंमत शेवटी लेकरू मोजतं.

या २० मार्कांचं वजन २०१९ साली सगळ्यांना दिसलं. त्या वर्षी दहावीला नवा अभ्यासक्रम आला, भाषांचे तोंडीचे मार्क काढून टाकले आणि १०० मार्कांची लेखी परीक्षा झाली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. आपल्या अमरावती विभागाचा, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचा, ७१.९८. मोठी ओरड झाली, शासनाने तोंडीचे मार्क परत आणले, आणि २०२० मध्ये विभागाचा निकाल ९५.१४ टक्के लागला. सगळा फरक तोंडीनेच पडला असं म्हणणं बरोबर होणार नाही. २०१९ ला पेपरची पद्धतही नवी होती आणि २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. तरीही एका वर्षात २३ टक्क्यांची उडी! आपली पोरं त्या एका वर्षात भाषांमध्ये एवढी पुढे गेली, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

हिशेब साधा आहे. पास व्हायला तोंडी आणि लेखी मिळून ३५ लागतात. तोंडीत १९ पडले असतील तर ८० च्या पेपरात १६ पुरतात. ते १६ पत्राच्या मायन्यातून, पाठ केलेल्या व्याकरणातून आणि उताऱ्यातली वाक्यं उतरवून निघतात.

उतरवण्याचं हे काम कसं चालतं ते पाहा. पेपरात पुस्तकातले दोन उतारे २० मार्कांना आणि पुस्तकाबाहेरचा उतारा सारांशासह १५ मार्कांना असतो, म्हणून वाचन तपासलं जातं असं आपण धरून चालतो. आता हे वाक्य वाचा: 'द झोलिम निर्टेड द टापूक इन द ग्रोशल.' झोलिम, निर्ट, टापूक, ग्रोशल हे शब्द जगातल्या कुठल्याच भाषेतून घेतलेले नाहीत, मी आत्ता मनाने रचले. त्यावर प्रश्न: 'व्हेअर डिड द झोलिम निर्ट द टापूक?' नववीतलं पोर झटकन उत्तर देईल, 'इन द ग्रोशल.' उत्तर बरोबर, पूर्ण मार्क, आणि कळलं काय? काहीच नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलून लिहायचं, ही युक्ती पोरांना सातवी-आठवीतच जमते. क्लासवाले तर ती शिकवतात.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना इंग्रजीची सोपी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांनी ती वाचली. मग वाचणाऱ्यांना अर्थ विचारला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच तो सांगता आला. म्हणजे घडाघडा वाचून दाखवणाऱ्यांतही चारांतला एक जण नुसती अक्षरं म्हणत होता. आपलं लेकरू त्या चौघांतलं कितवं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

आणि ते कळायला तुम्हाला स्वतःला इंग्रजी येण्याची गरज नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं; त्याआधीच्या पिढीची इंग्रजीशी ओळख पाचवीत झाली आणि अनेकांची तिथेच थांबली. त्या संकोचापायी आईबाबा पोरांच्या इंग्रजीला हातच लावत नाहीत. लावा. बियाण्याच्या पिशवीवरचा इंग्रजी मजकूर, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, बँकेतून आलेलं पत्र, असं जे घरात असेल ते पोरापुढे ठेवा. मनातल्या मनात वाचू द्या, मोठ्याने नको. मग कागद आपल्याकडे घ्या आणि म्हणा, आता सांग. वऱ्हाडीत सांगू द्या. वॉरंटी किती दिवसांची? काय बिघडलं तर कंपनी भरून देणार नाही? तक्रार कुठे करायची? त्याला कळलं असेल तर तो तुमच्या बोलीत सरळ सांगेल. कळलं नसेल तर तो कागद परत मागेल, किंवा मधलेच दोन-चार इंग्रजी शब्द तसेच्या तसे तुमच्यापुढे टाकेल. फरक ओळखायला इंग्रजी लागत नाही, लेकराचा चेहरा ओळखता आला तरी पुरतं.

ऐकण्याचं प्रकरण जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. मराठीत बहुतांशी जसं लिहितो तसंच बोलतो. इंग्रजीचं तसं नाही, आणि आपल्या पोरांनी इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं असतं. 'व्हेजिटेबल' हा शब्द त्यांना वहीत येतो. कोणी 'व्हेज्टबल' म्हटलं की तो परका होतो. 'वॉन्ट टू' हे दोन शब्द पाठ असतात, बोलणारा 'वॉना' म्हणून पुढे निघून जातो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत शेवटच्या आवाजाचा फरक, तोच कानाला पकडता येत नाही. शब्द माहीत असूनही ऐकताना न कळणं हा मंदबुद्धीचा प्रकार नाही. कानाला सरावच मिळालेला नसतो, एवढंच.

तेव्हा सराव द्या. घरातला मोबाईल पुरतो. तुमचा भाचा, शेजारची कॉलेजातली मुलगी, गावातला कोणीही बरं इंग्रजी बोलणारा, त्याला अर्ध्या मिनिटाचा निरोप बोलून पाठवायला सांगा. निरोप असा असू द्या: 'द बस टू परतवाडा विल लीव्ह अ‍ॅट फाइव्ह फिफ्टीन, नॉट फाइव्ह फिफ्टी. कम टू द ओल्ड स्टँड, बिकॉज द रोड निअर द न्यू स्टँड इज क्लोज्ड.' पोराला दोनदा ऐकवा. लिहिलेलं दाखवू नका, मध्ये थांबवू नका. मग मराठीत विचारा: गाडी किती वाजता? कोणत्या स्टँडवर जायचं? का? पहिल्या दोन प्रश्नांना कान लागतो, तिसऱ्याला समज लागते. उत्तर मराठीतच घ्या. उत्तर इंग्रजीत मागितलं की पोर बोलायच्या भीतीने गप्प बसतं आणि त्याला ऐकून कळलं होतं की नाही, हे कधीच समजत नाही. ऐकणं तपासताना ऐकणंच तपासावं.

बाहेरही पुष्कळ काही फुकट मिळतं. अकोला किंवा बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसला असाल तर घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीतही होते. इंग्रजी घोषणा लागली की पोराला विचारा, गाडी कितव्या फलाटावर येते म्हणाली? मराठी घोषणेशी ताडून त्याचं त्यालाच कळेल. क्रिकेटची कॉमेंट्री इंग्रजीतून लावू द्या. खेळ ठाऊक असल्यामुळे न कळलेल्या शब्दाचा अर्थ समोरच्या चेंडूवरून लागतो, आणि इतकी चांगली शाळा दुसरी नाही. आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रं मोबाईलवरही ऐकता येतात. बालभारतीच्या पुस्तकावर छापलेला क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपमधून उघडून पाहा, पुष्कळ घरांत तो वर्षभर कोणी उघडलेला नसतो.

जगात ऐकण्याची परीक्षा किती मनावर घेतात, ते कळलं तर आपल्याला आपल्या तोंडी परीक्षेची लाज वाटेल. जपानमध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेत २००६ पासून इंग्रजी ऐकण्याची चाचणी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आवाज ऐकण्याचं छोटं यंत्र देतात. २०२१ पासून तिथे वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० असे सारखे मार्क आहेत, आणि श्रवणातले काही उतारे एकदाच ऐकवतात. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमधल्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकून सोडवायचे असतात. त्या वेळी आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून देशभरातली विमानं सुमारे अर्धा तास उतरत नाहीत की उडत नाहीत. आपल्याकडे विमानं थांबवायला कोणी सांगत नाही. शेजारच्या वर्गातला गलका दहा मिनिटं थांबवता आला तरी खूप.

हे सगळं आताच का, तर अकरावी फार जवळ असते. अकोल्यात 'नीट'च्या क्लाससाठी आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं येतात, अमरावतीला खोल्या करून राहतात. बापाने सोयाबीन-कापसाच्या पैशातून फी भरलेली असते. तिथे जीवशास्त्राचं लेक्चर इंग्रजीतून सुरू होतं आणि दहावीला इंग्रजीत ७५ मिळवलेलं पोर पहिल्या आठवड्यात गप्प होतं. विषय अवघड आहे असं त्याला वाटतं, घरच्यांना वाटतं त्याचं लक्ष नाही. खरं कारण बहुतेक वेळा कानापाशी असतं, आणि ते नववीत सापडलं असतं तर दीड वर्ष हाताशी होतं.

मेळघाटातल्या, धारणी-चिखलदऱ्याच्या लेकरांसाठी वेगळं सांगतो. घरी कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि त्यावर इंग्रजी. अशा मुलाने इंग्रजी उतारा ऐकून उत्तर कोरकूत दिलं, तर ते पूर्ण उत्तर समजा. शिक्षकाला कोरकू येत नसेल तर वर्गातलं दुसरं मूल सांगेल. बाळापूरच्या उर्दू शाळेतल्या मुलीने उर्दूत दिलं तरी तसंच.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. काही मुलांना खरोखरच कमी ऐकू येतं. लहानपणी कान वाहिलेला असतो, मळ साचलेला असतो आणि पोर मागच्या बाकावर नुसतं मान हलवत राहतं. मराठीत ते ओठांवरून, अंदाजाने भागवून नेतं. इंग्रजीत अंदाज चालत नाही. घरच्या चाचणीत पोर मराठी निरोपही पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्याला रागावू नका. अमरावतीला इर्विन रुग्णालयात, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात नेऊन कान दाखवा. वाचताना कागद नाकाशी नेत असेल तर डोळेही.

इंग्रजीच्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे की फेब्रुवारीची वाट पाहू नका. जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, मार्क न देता, ऐकण्याची खरी चाचणी घ्या. उतारा पुस्तकाबाहेरचा, आवाज तुमचा नको, कारण तुमच्या आवाजाला पोरं सरावलेली असतात. मधे मराठी सांगायचं नाही. कोणाला काय अडलं ते वहीत टिपून ठेवा. वाचनाच्या चाचणीत प्रश्न असे काढा की उताऱ्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं उत्तर होणार नाही. साठ पोरांची एकाच वेळी घेता येते, अर्धा तास लागतो. एवढं केलंत तर फेब्रुवारीत द्यायचे १८ मार्क पोराने कमावलेले असतील आणि तुम्हालाही ते देताना बरं वाटेल.

आईबाबांनो, पालकसभेत निकालाचा टक्का विचारण्याआधी हे विचारा: यंदा ऐकण्याची चाचणी किती वेळा घेतली, कोणता उतारा ऐकवला, माझ्या लेकराला कुठे अडलं? विचारताना आवाज चढवू नका, शिक्षकही आपलेच आहेत. सभा झालीच नसेल तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा. जाताना तो बसचा निरोप मोबाईलमध्ये घेऊन जा, त्यांना ऐकवा आणि म्हणा, असा एक दर शनिवारी वर्गात वाजवा.