पिशवी काढली ती अज्ञानामुळे नव्हे

ऊसतोड करणाऱ्या बायांच्या आरोग्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी एक बैठक होती. मी गेले होते. दोन तासांत 'जागृतीचा अभाव' हे शब्द मी वहीत अकरा वेळा टिपले. डॉक्टर म्हणाले, अधिकारी म्हणाले, आणि आपल्याच चळवळीतली एक कार्यकर्तीही म्हणाली. बाया अडाणी आहेत, पाळीत स्वच्छता ठेवत नाहीत, कुणी सांगितलं की पिशवी काढून मोकळ्या होतात. उपाय काय, तर शिबिरं, पत्रकं आणि पॅडचं वाटप. माझा संताप मला तिथे धड मांडता आला नाही, म्हणून इथे मांडते.

२०१९ च्या जूनमध्ये सरकारनेच विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. आता मला सांगा, बीडची ऊसतोड बाई देशातल्या बाकीच्या बायांहून पाचपट अडाणी आहे का? अडाणीपणच कारण असेल, तर ते नेमकं कोयता हातात घेणाऱ्या बाईलाच कसं चिकटतं?

एका जानेवारीत मी कोल्हापूरकडच्या एका तळावर चार रात्री राहिले. बैठकांना जाऊन कळलं नसतं ते तिथे कळलं. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातून माणसं निघतात तेव्हा सगळं घरच ट्रॉलीत चढतं. बाजरीचं पोतं, तवा-परात, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी, लेकरं. कारखान्याजवळच्या उघड्या माळावर उतरायचं आणि बांबू, चटया, पाचट, प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी उभी करायची. मधोमध तेवढं ताठ उभं राहता येतं. दाराला दार नाही, साडीचा पडदा. पाच-सहा महिने हेच घर, आणि फड लांब पडला तर तेही उचलून पुढे न्यायचं.

मी जिच्याकडे राहिले ती आक्का रात्री तीनला उठायची. चूल पेटवून दोन वेळच्या भाकरी थापायच्या, कारण दुपारी परत यायची सोय नाही. अंधारातच 'बाहेर' जाऊन यायचं. संडास नव्हता. उजाडल्यावर जायला आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात. उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, ती साळते, मोळी बांधते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते. पोटातल्या बाळासकट चढणाऱ्या बाया मी पाहिल्या. ट्रक रात्री अकराला आला तर भरणी रात्री अकराला. त्यानंतर पाणी. आठ-नऊ कोप्यांना मिळून एक टँकर, तोही रोज येईल असं नाही.

पाळीचं विचारलं तेव्हा ती हसली. मी नेलेलं पॅडचं पाकीट हातात घेऊन म्हणाली, "ताई, हे टाकू कुठं? फडात टाकलं तर मालक शिव्या देतो, कोपीपाशी टाकलं तर कुत्री वढून आणत्यात." माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापड वापरावं तर धुवायला पाणी नाही, वाळत घालायला आडोसा नाही. ओलं कापड, उपाशी पोट, डोक्यावर मोळी, अंगावरून पांढरं जाणं, कंबर मोडणं. हे सगळं असूनही खाडा करता येत नाही. एक दिवस कोपीत पडून राहिलं तर मजुरी जाते आणि वर दंडही कापला जातो. उचल तर आधीच घेतलेली, घरच्या लग्नात किंवा दवाखान्यात संपलेली. दर महिन्याला दोन-तीन खाडे, असे पाच-सहा महिने, आणि दरवर्षी हेच. त्यापुढे एकदाचं ऑपरेशन. ही बाई हिशेब करते, आणि तिच्या बाजूने तो चुकलेला नाही. त्यातच गावाकडचा खाजगी डॉक्टर 'कॅन्सर होईल' म्हणून भीती घालतो. ऑपरेशनचा खर्च पुन्हा मुकादमाकडून, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल आताच अंगावर.

डॉक्टरांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, ते बरंच झालं. पण परवानगी नाकारली म्हणून कंबर दुखायची थांबत नाही. ती बाई दुसऱ्या दिवशी मोळीच उचलणार.

आणि या बाईला कामगार तरी कोण म्हणतं? हिशेबाचा आकडा 'कोयता' आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल त्याच्या हातात, अंगठा त्याचा. एकट्या बाईला उचल मिळणं कठीण, एकट्या पोराचाही कोयता पुरा होत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्नं लावतात. मुलगी पंधराची की सोळाची, ते बघायला कुणाला वेळ असतो! २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला, लढून मिळवला, त्याचा आनंदच आहे. दिवसाला दीड-दोन टन धरले तर जोडीला साडेपाचशे ते सातशे रुपये. त्यात तिचे किती, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. चूल, पाणी, लेकरं यांचे तास तर मोजणं दूरच.

कारखान्याच्या एका साहेबांना मी संडासाचं विचारलं. "त्या आमच्या कामगार नाहीत. आमचा करार वाहतूकदाराशी." वाहतूकदार म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो नवऱ्याला. उसाची मोळी मात्र बरोबर कारखान्याच्या काट्यावर पोचते, ती कुणाची हा वाद तिथे होत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पॅडच्या खोक्यांपेक्षा आता वेगळं काही मागू या. बाईचं नाव करारात स्वतंत्र, मजुरी तिच्या खात्यात. तळावर संडास, पाणी, पाळणाघर ही कारखान्याची जबाबदारी, गाळप सुरू होण्याआधी. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाडा नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरलेलं आहे. तो पैसा तळावर नळ आणि संडासाच्या रूपाने दिसला पाहिजे, आणि तो दिसतो का हे मोजायला आपण जायला हवं.

आम्ही बीडकडच्या कार्यकर्त्या दसऱ्याआधी गावोगाव मुकादमांच्या वह्या पाहणार आहोत, बायांची नावं लिहा असा आग्रह धरणार आहोत. पण एकदा ट्रॉली निघाली की आमची पोच संपते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या गटांनो, तुमच्या गावाबाहेरच्या माळावर त्या कोप्या पडलेल्या आहेत. तिथे संध्याकाळी जाऊ नका, बाया फडातच असतात. पहाटे चारला जा, चुली पेटलेल्या दिसतील.