'नाटक' म्हणण्यापूर्वी

वर्गात एखादा विद्यार्थी तापाने फणफणला, तर आपण त्याच्या कपाळावर हात ठेवतो, त्याच्या घरी निरोप धाडतो. परंतु एखाद्याचे मन तापले, तर मात्र 'हट्टी', 'नाटकी', 'लाडावलेला' अशी विशेषणे बहाल करून आपण मोकळे होतो. माझ्या घरची भाषा कोकणी. तिच्यात 'पिशी' हा एक शब्द उच्चारला, की त्या मुलीविषयी अधिक काही विचारण्याचे उरतच नाही. मराठी घरांतही याहून फारसे निराळे घडते, असे नाही. शरीराच्या तापाला एक न्याय आणि मनाच्या तापाला दुसरा, हा भेद मी स्वतः केला आहे. म्हणून हे लिहिणे मी माझे कर्तव्य समजते.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. निबंधात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. सोमवारी ती मला चिठ्ठी देई, "बाई, तुम्ही नसता तर मला कोणीच नव्हते." आणि गुरुवारी तिची वही तपासावयास उशीर झाला, की "तुम्हीही इतरांसारख्याच!" म्हणून ती तोंड फिरवी. मैत्रिणींचेही तेच; आजची जिवलग सखी उद्याची वैरीण. सकाळी हसत आलेली ही मुलगी मधल्या सुटीनंतर बाकावर डोके टेकून रडे आणि शाळा सुटेपर्यंत पुन्हा शांत होई. भर उकाड्यातही ती अंगातला स्वेटर काढीत नसे. एके दिवशी सर्वांसमक्ष मी तिला म्हणाले, "पुरे कर हे नाटक!" त्यानंतर तिची चिठ्ठी कधी आली नाही. पुढील वर्षी तिने शाळाच सोडली.

तिला कोणता विकार होता वा नव्हता, हे मी सांगू शकत नाही. ते ठरविणे शिक्षकाचे कामही नव्हे. पण तिला वेदना होत आहेत, एवढे ओळखणे माझे काम होते, आणि ते मी केले नाही.

पुढे वाचनात 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर', म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार, हे नाव आले. सौम्य मनोविकार आणि वेड यांच्या सीमेवरचे रुग्ण, अशा अर्थाने ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकांनी 1938 साली हा शब्द योजिला. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात त्याला स्थान मिळाले. या विकाराची चाहूल बहुधा कुमारवयातच लागते. जवळचे माणूस आपल्याला टाकून जाईल, अशी जीवघेणी भीती, त्याच माणसाला आज देव्हाऱ्यात बसविणे आणि उद्या पायदळी तुडविणे, 'मी कोण?' याचे उत्तर घडोघडी बदलणे. काही तासांतच पालटणारी मनःस्थिती. न आवरणारा संताप. आत सदैव पोकळी असल्याची जाणीव. अविचाराने केलेली कृत्ये. आणि स्वतःच्या शरीराला इजा करणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

यावर कोणी म्हणेल, "ही तर सगळ्याच पोरांची लक्षणे! आम्ही काय रुसलो नाही?" आक्षेप रास्त आहे. चौदा-पंधराव्या वर्षी रुसवे असावयाचेच, आणि प्रत्येक रुसव्याला रोगाचे नाव चिकटविणे हाही अन्यायच. म्हणून तज्ज्ञ तीन गोष्टी पाहतात. हे किती दिवस चालले आहे, घर, शाळा व मैत्री या सर्वच ठिकाणी चालले आहे काय, आणि त्याने त्या जीवाचे किती नुकसान होत आहे. अठरा वर्षांखालील मुलांत ही लक्षणे निदान वर्षभर टिकल्याखेरीज हे निदान करू नये, असाच संकेत आहे. मात्र नाव देण्याची घाई नको म्हणजे मदतीची घाई नको, असे नव्हे. शरीराला इजा केल्याचे दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

या विकाराचे एकच एक कारण नाही. काहींची वृत्ती जन्मतःच हळवी असते. काहींच्या वाट्याला बालपणी छळ वा उपेक्षा येते. तेव्हा आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु हळव्या मुलाला "तुला काही होत नाही" असे वारंवार ऐकविल्याने जखम चिघळते, हे मार्शा लिनेहॅन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. या बाई 1961 साली, अवघ्या सतराव्या वर्षी, स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांचा आजार निराळाच ठरविला. पुढे त्यांनी याच विकारावर एक उपचारपद्धती निर्माण केली. भावनांची लाट आली असता तीत वाहून न जाता उभे कसे राहावे, याचे शिक्षण त्या पद्धतीत देतात. 2011 साली त्यांनी आपली कहाणी जाहीरपणे सांगितली. दीर्घकाळ रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतही बहुतेकांची लक्षणे कालांतराने ओसरतात, असे आढळले आहे. हा विकार म्हणजे जन्मठेप नव्हे.

पालकहो, मूल टोकाचे बोलू लागले, तर आधी ऐका, उपदेश मागाहून करा. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कुळाला बट्टा लागत नाही. गोव्यात बांबोळीला त्यासाठी सरकारी संस्था आहे, आणि 2022 पासून 14416 या क्रमांकावर 'टेली मानस' ही विनामूल्य सेवा देशभर उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांनो, एखाद्या मैत्रिणीने स्वतःला इजा केल्याचे गुपित सांगितले, तर ते गुपित राखू नका. विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसाला सांगा. ती कदाचित रागावेल. तो राग पुढे निवळेल.

आणि आम्ही शिक्षक? 'नाटक' हा शब्द मी आता स्नेहसंमेलनापुरताच ठेविला आहे. वर्गात कोणी बाकावर डोके टेकले, की मी जवळ जाऊन हळूच विचारते, "काय होते आहे?" त्या मुलीला हा प्रश्न मी कधी विचारला नाही, याची खंत मात्र उरली आहे.