चित्रफितींची मालकी कोणाची?

करमाळा तालुक्यातील केम हे आमचे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. २०११ साली येथील कुंकवाच्या कारखान्यांत राबणाऱ्या चार स्त्रियांच्या मुलाखती आम्ही चित्रित केल्या. मजुरी किती, हळदीच्या धुरळ्याने खोकला किती, मालक आणि मुकादम यांच्याशी कसे जमवून घ्यावे लागते, हे त्या मोकळेपणाने बोलल्या. एका संस्थेने त्या चित्रफिती आपल्या वेबपानावर ठेवल्या आणि आम्ही निश्चिंत झालो. गेल्या वर्षी एका तरुण कार्यकर्तीला त्या हव्या होत्या. पान उघडले, खालचा मजकूरही दिसला. पण चित्रफितीच्या जागी होता एक करडा चौकोन. मूळ फाइल कोणाजवळ आहे हे संस्थेलाही सांगता येईना. त्या चौघींपैकी दोघी आज हयात नाहीत.

असे घडले याचे कारण तांत्रिक कमी आणि आर्थिक अधिक आहे. त्या काळी बऱ्याच वेबपानांवरची चित्रफीत ब्राउझरला स्वतःहून दाखवता येत नसे. ॲडोबी कंपनीचे फ्लॅश हे उपकरण त्याला जोडावे लागे. ते तिच्या खासगी मालकीचे होते. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात मजकूर चालणेच बंद केले. मालकाने घर पाडायचे ठरवले. भाडेकरूंना कोणी विचारले नाही.

वास्तविक पर्याय आधीच सुचवला गेला होता. वेबपानात छायाचित्र जसे सहज बसते तशीच चित्रफीतही बसावी, त्यासाठी वेगळे उपकरण लागू नये, ही सूचना ऑपेरा या नॉर्वेतील कंपनीने २००७ साली मांडली. सूचना सर्वांनाच पटण्याजोगी होती. खरा वाद पेटला तो चित्रफीत कोणत्या स्वरूपात साठवावी यावर. थिओरा हे खुले स्वरूप कोणीही विनाशुल्क वापरू शकत होता आणि मानकाच्या मसुद्यात त्याची शिफारसही होती. ॲपल आणि नोकिया यांनी हरकत घेतली व त्याच वर्षी डिसेंबरात ती शिफारस वगळण्यात आली. दुसरीकडे एच.२६४ हे स्वरूप पुढे होते. दर्जाने ते सरस होते, हे मान्य करावेच लागेल. परंतु त्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे होती आणि त्यांच्या वतीने परवाना विकणारी एक संस्थाच उभी राहिली होती.

फायरफॉक्सने जून २००९ मध्ये थिओराला जागा दिली. एच.२६४ चा परवाना घ्यायचा तर वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर पडतील, असे त्याच्या निर्मात्या मोझिलाने २०१० च्या सुमारास सांगितले होते. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्याजोगी गोष्ट ही रक्कम नव्हे. मोझिलाने पैसे भरले असते तरी तिचा आज्ञावलीसंच घेऊन त्यात बदल करणाऱ्या आणि तो पुढे वाटणाऱ्या तिसऱ्या माणसाला तो परवाना लागू होत नव्हता. मुक्त आज्ञावलीचा प्राणच हे पुढे वाटणे असते. शुल्क शून्यावर आणले तरी परवानगी मागण्याची अट राहिली, तर मालकी जिथल्या तिथेच राहते. पुढे मोझिलाला माघार घ्यावी लागली. २०१३ साली सिस्को कंपनीने शुल्काचा भार आपल्यावर घेतला तेव्हा ती तडजोड झाली. एका मोठ्या भांडवलदाराच्या औदार्यावर दुसऱ्याची मक्तेदारी सुसह्य झाली, इतकेच.

केमच्या माणसाला हे समजणे अवघड नाही. हळदीत लिंबाचा रस आणि सवागी घालून कुंकू करण्याची पूर्वापार कृती कोणा एकाची नाही, म्हणूनच अनेकांना हा धंदा करता आला. त्याच हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. संगणकाच्या आज्ञावल्यांबाबतही आपल्या संसदेने असाच विवेक दाखवला. २००४ च्या अखेरीस निघालेल्या वटहुकमाने त्यांच्या पेटंटांना दार किलकिले केले होते. डाव्या पक्षांच्या विरोधानंतर २००५ च्या कायद्यातून ते कलम गाळले गेले. दुर्दैवाने ही लढाई औषधांच्या पेटंटांच्या मोठ्या वादाखाली झाकली गेली आणि आपल्या कार्यकर्त्यांनाही ती क्वचितच आठवते.

कोणी म्हणेल, आता खुली स्वरूपे तर गूगलच देते. मग समाजवाद्यांनी त्यांची भलामण का करावी? आक्षेप रास्त आहे. वेबएम हे स्वरूप गूगलने २०१० साली खुले केले. २०१८ साली आलेल्या एव्ही१ मागे गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स अशी सारी मातबर मंडळी आहेत. परवानाशुल्क वाचवणे हा त्यांचा रोकडा हिशेब आहे, परोपकार नव्हे. एव्ही१ वरही पेटंटाचा दावा सांगणारे निघालेच. शिवाय स्वरूप खुले झाले तरी कोणाची चित्रफीत कोणाला दाखवायची हे यूट्यूबच ठरवते. तरीसुद्धा मोठ्या बागायतदाराने स्वतःच्या उसासाठी बांधलेला रस्ता गावाला खुला असेल, तर त्यावरून चालायला हरकत नसावी. विकिमीडियाच्या सार्वजनिक भांडाराने २०१४ साली एमपी४ स्वीकारण्याचा प्रस्ताव बहुमताने फेटाळला, तो कोणाच्या नफ्यासाठी नव्हता.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि मानकातील पेटंटे विनाशुल्क उपलब्ध असावीत असे त्यात नमूद केले. ग्रामसभेच्या चित्रीकरणापासून विद्यापीठाच्या व्याख्यानांपर्यंत सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक चित्रफितीसाठी हाच दंडक आपण मागितला पाहिजे. मराठीची जुनी टंकलिखिते ज्यांनी खासगी फॉन्टांत करून ठेवली आणि आज ज्यांना त्यांतून केवळ विचित्र खुणा वाचायला मिळतात, त्यांना याची निकड वेगळी सांगायला नको.

पक्षाच्या शाखांनी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. मोबाइलवर घेतलेली मूळ फाइल जपून ठेवावी, एफएफएमपेग या मोफत साधनाने तिची वेबएम प्रत करावी, ती आपल्या स्वतःच्या पानावर ठेवावी. बहुतेक प्रमुख ब्राउझर ती आज कोणत्याही जोडउपकरणाशिवाय दाखवतात. काम एका संध्याकाळचे आहे.

हयात असलेल्या दोघींपैकी एकीने पुन्हा बोलायची तयारी दाखवली आहे. तिला आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे प्रश्न मोठ्याने विचारावे लागतील. हळदीचा हंगाम उरकला की आम्ही तिच्या घरी जाणार आहोत.