गडावरचा नवस फेडा, पण मनाच्या दुखण्याला डॉक्टरही दाखवा

नाशिक : २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी जिल्ह्यात सुरू आहे. त्र्यंबकेश्वर, वणीचा सप्तशृंगी गड, दिंडोरीचं स्वामी समर्थ केंद्र ही ठिकाणं तर बारा महिने गजबजलेली. तिथं येणारा प्रत्येक जण नुसता दर्शनाला येत नाही. कुणाचं पोरगं रात्र-रात्र झोपत नाही, कुणाची सून बाळंतपणानंतर गप्प झाली, कुणी द्राक्षबाग गेल्यापासून माणसांत बसत नाही. दुखणं मनाचं असतं, पण घरात त्याला 'बाहेरचं काहीतरी' असं नाव पडतं.

मग देवाकडे न्यायचं की डॉक्टरकडे, यावर घरात वाद सुरू होतो. या वादात महिने जातात आणि नुकसान पेशंटचं होतं.

लोक आधी देवाकडे का जातात?

याला नुसतं अडाणीपण म्हणून चालणार नाही. सुरगाणा, पेठच्या पाड्यावर भगत हाकेच्या अंतरावर असतो. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर नाशिकला यावं लागतं. दिवस मोडतो, मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. गडावर गेलं तर गाव नाव ठेवत नाही. 'डोक्याच्या डॉक्टर'कडे गेलं की 'येडा झाला' म्हणतात आणि पोरीचं लग्न अडतं. शिवाय देवस्थानी कुणीतरी बसवून ऐकून घेतं. गर्दीच्या दवाखान्यात तेवढंही होत नाही.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १८ वर्षांवरच्या १०.६ टक्के लोकांना मानसिक आजार आढळला. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. म्हणजे हा प्रश्न एका तालुक्याचा नाही.

श्रद्धेने काय होतं, काय होत नाही

भजन, कीर्तन, वारी, नमाज, प्रार्थनासभा यातून माणसाला आधार मिळतो. चार माणसं विचारपूस करतात, दिवसाला शिस्त लागते, दारू सोडायला शपथ कामी येते. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा आहे. खचलेल्या माणसाचं ऐकून घेणं, त्याच्याशी बोलणं ही रीत आपल्याकडे जुनीच.

पण कानात आवाज येणं, घरचेच जेवणात विष घालतात असा संशय येणं, कधी कमालीचा उत्साह तर कधी अंथरूण न सोडणं, जीव नकोसा वाटणं, या गोष्टी अंगाऱ्याने जात नाहीत. यामागे मेंदूतले बदल असू शकतात आणि त्यावर औषधं आहेत. उपचार लवकर सुरू झाले तर माणूस सावरण्याची शक्यता वाढते. वर्ष-दोन वर्षं उताऱ्यात गेली की तेच काम अवघड होतं.

कायदा रेघ कुठं मारतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. याच कायद्यात पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्ट मोकळीक आहे. त्यामुळे 'हा कायदा देवाच्या विरोधात आहे' या म्हणण्यात दम नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरकारी यंत्रणेत मानसिक उपचार मिळणं हा त्यात हक्क आहे, पेशंटला साखळीने बांधायला बंदी आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. साखळी किती महाग पडते हे तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. दर्ग्याच्या गावातल्या एका खासगी मनोरुग्ण निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. बांधून ठेवलेल्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

पहिल्या भेटीत काय होतं?

अनेकांना वाटतं की गेल्या-गेल्या शॉक देतात किंवा भरती करून घेतात. तसं नसतं. आधी विचारपूस होते : झोप, भूक, काम, नशा, घरातले ताण, पूर्वीचं आजारपण, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. थोडा वेळ एकट्याशी, थोडा वेळ घरच्यांशी बोलतात. जीव द्यायचे विचार येतात का, हेही थेट विचारतात. त्यात लाजायचं काही नाही. जुने कागद आणि चालू गोळ्या सोबत न्याव्यात. देवाचं काय काय केलं तेही सांगावं.

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर असतो, तो औषध लिहू शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. प्रत्येकालाच गोळ्या लागतात असं नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. 'आठ दिवसांत फरक नाही' म्हणून त्या सोडू नयेत आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंदही करू नयेत. समुपदेशनाच्याही अनेक बैठका लागतात. पहिल्या-दुसऱ्या बैठकीत जुनं उकरलं जाऊन रडू येतं, ते वावगं नाही. एकाशी जमलं नाही तर दुसरा पाहता येतो.

चांगला समुपदेशक देव सोडायला सांगत नाही आणि स्वतःचा देवही गळ्यात मारत नाही. उपास असेल, माळ घातली असेल, रोजे असतील तर तसं सांगावं. गोळ्यांच्या वेळा डॉक्टर त्याप्रमाणे बसवून देऊ शकतात.

सावध कुठं व्हायचं?

सल्ला देणारा महाराज असो, फादर असो, मौलवी असो की पाटी लावलेला समुपदेशक, चार गोष्टी दिसल्या की उठावं : 'गोळ्या बंद करा' म्हणणं, दर फेरीला वाढत जाणारा खर्च, बाईमाणसाला एकटीला बोलावून 'घरी सांगू नको' म्हणणं, आणि मारहाण. पदवी आणि नोंदणी विचारण्यात गैर काही नाही. मानसशास्त्रज्ञ रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदलेला आहे का, हे विचारावं.

दवाही, दुआही

गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' उपक्रम राबवला गेला. दुआ मागायला आलेल्याला तिथंच डॉक्टरही दाखवायचा आणि मुजावरांनीच त्याला तिकडे धाडायचं, अशी ही पद्धत. श्रद्धेला धक्का नाही आणि औषधही सुरू.

वणी आणि त्र्यंबकला हे करायला काय हरकत आहे? सिंहस्थासाठी आरोग्य पथकं लागणारच, त्यात मानसोपचाराचा एक कक्ष बसवता येईल. आरोग्य उपकेंद्रांना सरकारने 'आयुष्मान आरोग्य मंदिर' नाव दिलं, त्यांच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्यही आहे. आपल्या गावच्या आरोग्य मंदिरात ही तपासणी होते का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायला हवं. भगताला शिव्या देण्यापेक्षा 'असा पेशंट आला तर आम्हाला कळव' एवढं आशाताईने त्याच्याशी ठरवलं, तरी पाड्यावरचा पेशंट लवकर हाती लागेल.

तोपर्यंत हातातला फोन उपयोगी आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. घरात कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नवस नंतरही फेडता येतो.