भाताची लेव्ही गेली, जमिनीची लेव्ही आली



ठाणे जिल्ह्यातल्या गावांना आता एक नवा शब्द पाठ झाला आहे : प्राधिकरण. ग्रामपंचायत गरीब आहे, तिला नियोजन जमत नाही, म्हणून वरून एक तज्ज्ञ संस्था येईल, आराखडा करील, निधी आणील आणि गावाचे भले करील, असे आम्हाला सांगितले जाते. ऐकायला गोड आहे. पण शेतकऱ्याने गोड बोलण्याची किंमत याआधी अनेकदा मोजली आहे. म्हणून आम्ही दोनच प्रश्न विचारतो. निधी येतो कुठून? आणि जातो कुठे?

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ साली स्थापन झाले. त्याच्या तिजोरीत मोठा पैसा आला तो वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन. म्हणजे जमीन हेच त्याचे भांडवल. तो पैसा उड्डाणपूल, महामार्ग आणि मेट्रोला गेला. १९९०च्या दशकात मेगासिटी योजना आली. तिच्यातून पाणी आणि गटारांसाठी कर्जे मिळाली ती महापालिका आणि नगरपालिकांना. शहापूर-मुरबाडच्या ग्रामपंचायतीने त्या दारात उभे राहायचे तरी कोणत्या नात्याने? तिच्यासाठी त्या घरात खोलीच बांधलेली नाही.

हिरवा रंग म्हणजे लेव्ही

पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली, दुसरी १९९९ साली, तिसरी २०२१ साली. प्रत्येक योजनेत नकाशा रंगला. शहरालगतच्या काही जमिनी नागरी पट्ट्यात गेल्या, बाकीच्या हरित पट्ट्यात राहिल्या. हिरवा रंग पाहून शहरातल्या माणसाला बरे वाटते, शेती वाचली असे त्याला वाटते. शेती रंगाने वाचत नाही. शेती वाचते भावाने. भाताला परवडेल असा भाव दिला नाही, मजूर मिळेना, राब आणि आवणीचा खर्च निघेना, आणि वर जमिनीलाही बाजारभाव मिळू नये अशी तजवीज केली, तर हिरवा रंग हे शेतीचे संरक्षण नव्हे, ती जमिनीवरची लेव्ही आहे.

टंचाईच्या काळात सरकार आमच्या खळ्यावरून स्वस्तात भात उचलून नेत होते, कारण शहराला स्वस्त तांदूळ हवा होता. आज शहराला स्वस्त जमीन हवी आहे. हरित पट्टा भाव दाबून ठेवतो. दाबलेल्या भावात जमीन शेतकऱ्याच्या हातून सुटते. मग कधीतरी रंग बदलतो, आणि वाढलेला भाव ज्याच्या नावावर सातबारा गेला त्याला मिळतो. आराखडा आधी कोणाला कळतो आणि गावाला शेवटी का कळतो, हे ज्याचे त्याने ओळखावे.

सत्तावीस गावांची फुगडी

दूर जायला नको. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे पाहा. १९८३ साली महापालिका झाली, गावे आत गेली. २००२ साली बाहेर आली. २००६ साली प्राधिकरणाला तिथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे बांधकामाच्या परवानगीची सत्ता गावाकडून गेली. विकास आराखडा मंजूर झाला २०१५ साली. ही नऊ वर्षे माणसांनी काय करायचे होते? मुलांची लग्ने थांबवायची? वाढत्या कुटुंबाला घर बांधायचे नाही? कायदेशीर परवानगीची वाट इतकी लांब केली की बेकायदा चाळींचा धंदा जोरात चालला. मग त्याच बेकायदा बांधकामांकडे बोट दाखवून सांगायचे, पाहा, गावांना नियोजन जमत नाही! भिवंडीलगतच्या ६० गावांत आणि तिथल्या गोदामांतही हीच कथा आहे.

जून २०१५ मध्ये गावे पुन्हा महापालिकेत घातली. वेळ पाहा. त्याच वर्षी १४व्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना सुरू झाला होता. देशभरातल्या खेड्यांना तो मिळू लागला तेव्हा या गावांच्या ग्रामपंचायतीच उरल्या नाहीत. त्यांच्या वाट्याला आला घरपट्टीचा आणि पाण्याचा वाद. २०२० साली सरकारने १८ गावे वेगळी काढायचे ठरवले, त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आत, बाहेर, पुन्हा आत, अर्धी बाहेर, पुन्हा आत. गाव म्हणजे काय बाजारातली पाटी आहे, वाटेल तिथे ठेवायला?

याच गावांपैकी निळजे, घेसर, कोळे, हेदुटणे, उसरघर, माणगाव यांसह १० गावांच्या सुमारे १ हजार हेक्टरवर कल्याण विकास केंद्र जाहीर झाले. हत्यार होते नगररचना परियोजनेचे. हे हत्यार समजून घेतले पाहिजे. तुमची जमीन एकत्र करायची, रस्ते आणि आरक्षणे काढून घ्यायची आणि उरलेल्यातून तुम्हाला ‘अंतिम भूखंड’ द्यायचा. वर, किंमत वाढली म्हणून त्या वाढीतला वाटा सुधारणा खर्चापोटी तुमच्याकडूनच घ्यायचा. २०१३च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकार-खासगी भागीदारीला ७० टक्के लोकांची संमती लागते. नगररचना परियोजनेला ती लागत नाही. संपादन म्हणायचे नाही, म्हणजे संमती विचारायला नको. गावांनी विरोध केला तो म्हणूनच. पलीकडे सिडकोच्या नैना क्षेत्रात शेतकऱ्याच्या हाती ४० टक्के जमीन ठेवायची पद्धत आहे. साठ देऊन चाळीस घेणे याला भागीदारी म्हणतात, हे आम्हाला नव्याने कळले.

पाणी आमचे, नळ त्यांचा

निधीचे तेच पाण्याचे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. बारवी धरणासाठी मुरबाडची गावे उठली, पाणी उद्योगांना आणि शहरांना. सूर्या धरण झाले आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. त्यातून दिवसाला ४० कोटी लिटरची योजना प्राधिकरणाने केली ती वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी. शहरातल्या माणसाची तहान आम्हाला कळते. पण ज्याच्या शिवारातून पाणी उचलायचे त्याचा वाटा आधी, हा साधा न्याय कोणत्या आराखड्यात लिहिला आहे?

शेतीच्या बाजूने आणखी एक गोष्ट. आमची भातखाचरे म्हणजे मोकळी जागा नव्हे. वरच्या खाचरातले पाणी बांधाच्या मोरीतून खालच्या खाचरात, तिथून ओढ्याला, ओढ्यातून उल्हास नदीला, अशी ती पिढ्यांनी बसवलेली पाणीव्यवस्था आहे. मध्ये दोन एकरांवर पुरुषभर भराव टाकला की वरची खाचरे तुंबतात आणि खालची सुकतात. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा सगळ्या देशाने उल्हास खोऱ्यातले पाणी पाहिले. मोरी आणि ओढा नकाशावर न दाखवणाऱ्याला नियोजनकार म्हणायला आम्ही तयार नाही.

विरोध नियोजनाला नाही

आम्हाला रस्ता नको, दवाखाना नको असे कोणी समजू नये. नियोजन हवेच. पण ते जमीनधारकाला मालक समजून झाले पाहिजे. हे होते, याचे दाखले आहेत. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि नगर उभारले. जमीन गेली नाही, भागभांडवल झाली. उलट आंध्रातल्या अमरावतीत २०१५ साली शेतकऱ्यांनी ३० हजार एकरांहून अधिक जमीन राजधानीसाठी दिली. २०१९ साली सरकार बदलले, काम थांबले आणि ते वर्षानुवर्षे विकसित भूखंडाची वाट पाहत बसले. फरक एवढाच की एका ठिकाणी चावी शेतकऱ्याकडे होती, दुसऱ्या ठिकाणी सरकारकडे.

आणि जे मिळाले ते लढून मिळाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मान्य झाला. समृद्धी महामार्गाला सुरुवातीला जमीन एकत्रीकरणच पुढे केले होते. शेतकरी अडून बसले, तेव्हा थेट खरेदी आणि वाढीव दर आला. तिसऱ्या प्रादेशिक योजनेचा मसुदा २०१६ साली आला, तेव्हा एकट्या वसईतून हजारो हरकती गेल्या. अर्ज, मोर्चा आणि एकी, तीन्ही लागतात.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असावेत असे सांगितले. पण जागांची वाटणी नगरपालिका आणि पंचायतींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे माणसे त्यांची मोजायची आणि जमीन आमची घ्यायची!

मेळाव्यापुढचे ठराव

१. ग्रामसभेचा ठराव आणि ७० टक्के खातेदारांची लेखी संमती असल्याशिवाय कोणतीही नगररचना परियोजना नको.

२. शेतकऱ्याचा वाटा, त्याची जागा आणि द्यावा लागणारा खर्च आधी लेखी ठरावा. भूखंड मिळेपर्यंत दरवर्षी पिकाच्या उत्पन्नाएवढे भाडे मिळावे.

३. हरित पट्ट्यात ठेवलेल्या जमिनीचा मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क मिळावा.

४. गावातून गोळा होणाऱ्या विकास शुल्कातला निम्मा वाटा त्याच गावात खर्च व्हावा.

५. धरणालगतच्या गावांचा पाण्याचा वाटा आधी राखावा.

६. प्रत्येक आराखडा मराठीत, सर्व्हे नंबर, मोऱ्या आणि ओढ्यांसह चावडीवर लावावा.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपला सातबारा, फेरफार आणि गावनकाशाची प्रत आणावी. जिथे हरकतीची मुदत चालू आहे तिथले अर्ज मेळाव्यातच लिहून होतील. हरकत लिहिली नाही तर सरकार दफ्तरी ती संमतीच धरली जाते. ज्याने बांध घातला त्याला विचारल्याशिवाय बांध फुटता कामा नये.