साक्षीदाराने कुंचला उचलला तर?

मानवाधिकारांचा ठेका जणू आपल्याचकडे आहे, अशा थाटात जगाला उपदेश करणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नॉर्वेतील खात्यावरून २०२३ साली काही चित्रे प्रसृत झाली. विषय होता कोलंबियातील २०२१ चे जनआंदोलन आणि पोलिसी अत्याचार. ध्वज लपेटलेल्या तरुणीला पोलीस फरफटत नेत आहेत, असे एक चित्र. मात्र ध्वजाच्या रंगांचा क्रम चुकलेला, पोलिसांचा गणवेश कालबाह्य! ती तरुणी अस्तित्वातच नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेने ती रचली होती. तशी बारीक अक्षरांतील कबुली चित्राखाली होती म्हणे.

आंदोलकांची ओळख उघड होऊ नये म्हणून हे केले, असा खुलासा झाला. चेहरा झाकण्याची सोय छायाचित्रात नसते काय? जीव धोक्यात घालून खरी छायाचित्रे टिपणारे पत्रकार संतापले, तेव्हा कुठे चित्रे मागे घेण्यात आली.

अत्याचार खोटे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मृत्यूच्या ६३ तक्रारींपैकी ४६ पडताळून खऱ्या ठरवल्या. उरलेल्या आकड्यात मिसळून टाकण्याचा मोह त्या कार्यालयाने टाळला. पडताळणी म्हणतात ती हीच.

यंत्र त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याच कोलंबियात सत्यशोधन आयोगाच्या कार्यात संख्याशास्त्रज्ञांनी ११२ माहितीसंच एकत्र केले. एकाच मृताची नोंद दहा ठिकाणी असली तर ती एकदाच मोजायची, हे किचकट काम संगणकाने केले. १९८५ ते २०१८ या काळातील ४,५०,६६४ हत्या त्यातून समोर आल्या. नोंदच न झालेल्या धरल्या तर संख्या ८ लाखांच्या घरात जाते, असा अंदाज २०२२ मध्ये मांडला गेला. मारेकरी कोण, हा रकाना अनेक नोंदींत कोरा होता. तोही अनुमानानेच भरला. परंतु अनुमानाला अनुमान म्हटले आणि भरलेल्या माहितीच्या १०० वेगवेगळ्या प्रती अभ्यासकांपुढे ठेवल्या. ज्याला शंका असेल त्याने हिशेब तपासावा!

विशेष म्हणजे त्या आंदोलनात डोळ्यांना इजा झालेल्या शंभराहून अधिक जणांच्या घटना २०२१ मध्ये नोंदवणारी संस्थाही ॲम्नेस्टीच होती. स्थानिक सहकाऱ्यांसह कष्टाने केलेले ते काम होते. आता त्यांपैकी कोणी आपल्या जखमेचे छायाचित्र पुढे केले, तर ‘हेही यंत्राचेच कशावरून नाही?’ असे विचारण्याची आयती सोय अत्याचार करणाऱ्यांना झाली आहे.